नुसते चिकटणे पुरेसे नाही

कर्करोग रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये सलाइन लावून बसलेल्या रुग्णांच्या फाइली पाहिल्या, तर काहींमध्ये तरी शेवटी ‘मॅब’ असलेले एखादे औषध सापडते. ट्रास्टुझुमॅब, रितुक्सिमॅब, बेव्हासिझुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब. ही औषधे कारखान्यात रसायने एकत्र करून होत नाहीत. ती जिवंत पेशींकडून करवून घ्यावी लागतात, आणि त्याच्याही आधी प्रयोगशाळेत कोणीतरी असंख्य उमेदवारांमधून एक निवडलेला असतो. त्या निवडणाऱ्या माणसाचे काम कसे चालते, ते इथे सांगायचे आहे.

कर्करोगाच्या पेशीला चिकटणारा रेणू सापडला की औषध झाले, असा अनेकांचा समज असतो. खरे तर चिकटणारा रेणू मिळवणे हा या कामातला सोपा भाग. काही आठवड्यांत असे शेकडो रेणू हाती येतात. पुढची कित्येक वर्षे त्यांतले फोल काढण्यात जातात. सुपात धान्य पाखडावे तसे हे काम आहे, आणि शेवटी सुपात जे उरेल ते माणसाच्या शिरेत सोडायचे असते.

मॅब म्हणजे काय

प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हे शरीरातल्या बी पेशींनी बनवलेले प्रथिन. आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचा. वायच्या दोन्ही हातांच्या टोकांना सहा-सहा छोटी वळणे असतात. कोणाला चिकटायचे ते ही वळणे ठरवतात. खालचा दांडा शरीराच्या संरक्षक पेशींना बोलावून घेतो. प्रतिपिंडाला रक्तात टिकवून धरणाराही तोच. त्याच्यामुळे मानवी प्रतिपिंड निम्मे व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि म्हणून यातली बरीच औषधे दर तीन आठवड्यांनी दिली जातात.

संसर्ग झाला की शरीर एकाच वेळी नाना प्रकारची प्रतिपिंडे बनवते. औषधासाठी मात्र एकच प्रकार हवा, आणि प्रत्येक कुपीत तोच हवा. तो मिळवण्याची रीत १९७५ मध्ये केंब्रिजला सेसार मिल्स्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी शोधली. प्रतिपिंड बनवणारी बी पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांत मरते. मायलोमाची कर्करोगी पेशी मात्र वाढतच राहते. त्यांनी या दोघींचा संकर केला, आणि संकरित पेशी प्रतिपिंडही बनवू लागली व वाढतही राहिली. कर्करोगावरच्या या औषधांची सुरुवात एका कर्करोगी पेशीच्या चिवटपणातून झाली, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. या पद्धतीचे पेटंट घेतले गेले नाही. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल मिळाले.

नावातल्या अक्षरांनाही अर्थ आहे. रितुक्सिमॅबमधला ‘क्सि’ सांगतो की हे उंदीर आणि माणूस यांच्या प्रथिनांचे मिश्रण आहे. ट्रास्टुझुमॅबमधला ‘झु’ सांगतो की मूळ उंदराचे प्रतिपिंड बहुतांशी मानवी करून घेतले आहे. २०१७ पासून नव्या औषधांच्या नावांत ही खूण घालणे बंद झाले, जुनी नावे तशीच राहिली.

लक्ष्य निवडताना

पेशीवरच्या कोणत्या प्रथिनावर नेम धरायचा हे पहिले ठरवावे लागते, आणि इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. ते प्रथिन कर्करोगी पेशीच्या बाहेरच्या अंगावर हवे, कारण एवढा मोठा रेणू सहजी आत शिरत नाही. ते भरपूर हवे. आणि ज्यांच्यावाचून माणूस जगत नाही अशा पेशींवर ते नसावे, असले तर फार थोडे असावे.

रितुक्सिमॅबचे लक्ष्य, सीडी-२०, या कसोट्यांना फार सुंदर उतरते. ते बी पेशींवर असते, त्यांच्यापासून होणाऱ्या लिम्फोमाच्या पेशींवरही असते. पण बी पेशी जिच्यापासून जन्मतात त्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीवर नसते. म्हणून उपचारात चांगल्या बी पेशीही मरतात, तरी काही महिन्यांनी नव्या तयार होतात. १९९७ मध्ये अमेरिकेत कर्करोगासाठी मान्यता मिळालेले हे पहिले प्रतिपिंड.

ट्रास्टुझुमॅबचे लक्ष्य इतके निर्धोक नव्हते. हर-टू हा रिसेप्टर पेशीला वाढीचा संदेश देतो. निरोगी पेशीवर तो सुमारे २० हजारांच्या संख्येने असतो. काही स्तनाच्या गाठींमध्ये त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि ही संख्या २० लाखांपर्यंत जाते. १९८७ मध्ये लॉस एंजलिसच्या डेनिस स्लेमन यांच्या गटाने १८९ गाठी तपासून दाखवले, की ज्यांच्यात हे जनुक वाढलेले आहे त्यांचा आजार लवकर उलटतो. लक्ष्य मिळाले. पण हर-टू हृदयाच्या स्नायूंनाही लागतो. पुढे रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत, अँथ्रासायक्लीन गटातल्या केमोथेरपीबरोबर हे औषध दिलेल्यांपैकी २७ टक्क्यांच्या हृदयाचे काम बिघडलेले आढळले. ट्रास्टुझुमॅब सुरू करण्याआधी आणि मध्येमध्ये टू-डी एको करायला सांगतात, ते याचसाठी.

प्लेटवरचा पिवळा रंग

लक्ष्य ठरले की ते प्रथिन उंदराला काही आठवड्यांच्या अंतराने टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे दिसू लागली की प्लीहा काढून तिच्यातल्या बी पेशी मायलोमाच्या पेशींशी जोडतात. संकर न झालेल्या मायलोमा पेशी मारण्यासाठी एक खास मीडिया, म्हणजे पेशी वाढवण्याचा द्रव, वापरतात: त्या पेशींमध्ये एक एन्झाइम मुद्दाम नसलेले असते, त्यामुळे त्या त्यात तगत नाहीत. सुट्या बी पेशी आपोआप मरतात. उरतात त्या फक्त संकरित. त्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वाटून टाकायच्या. अशा दहा-दहा, वीस-वीस प्लेट.

मग एलायझा. वेगळ्या प्लेटच्या तळाशी लक्ष्य-प्रथिन चिकटवायचे, वर एकेका खळग्यातला द्रव घालायचा, धुवायचे, रंग आणणारे द्रव्य घालायचे. जिथे प्रतिपिंड चिकटले तिथे निळा रंग चढतो, आम्ल घातले की तो पिवळा होतो. नव्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा पिवळे खळगे दिसतात तेव्हा त्याला घरी फोन करावासा वाटतो, आणि करावाच. असे दिवस थोडे असतात.

दुसऱ्या दिवसापासून पाखडणे सुरू होते. प्लॅस्टिकला चिकटलेल्या प्रथिनाची घडी पुष्कळदा मोडलेली असते. मोडक्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड जिवंत पेशीवरच्या प्रथिनाला ओळखतही नाही. म्हणून तीच चाचणी जिवंत पेशींवर फ्लो सायटोमीटर या यंत्राने पुन्हा करायची. काही प्रतिपिंडे नको तिथेही चिकटतात. म्हणून लक्ष्य मुळीच नसलेल्या पेशी शेजारी ठेवून पाहायचे. काही चटकन चिकटतात आणि चटकन सुटतात. सुटण्याचा वेग वेगळ्या यंत्रावर मोजायचा. प्रत्येक पायरीवर यादी लहान होत जाते.

शेवटी राहतो सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: लक्ष्याला चिकटले, पण कुठे? एकाच हर-टूवर दोन वेगवेगळ्या जागी बसणारी दोन प्रतिपिंडे आज औषधे आहेत. ट्रास्टुझुमॅब पेशीच्या पृष्ठभागाजवळच्या भागावर बसते. पर्टुझुमॅब, ज्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, हर-टू जिथे दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवतो तिथे बसते आणि जोडीच जमू देत नाही. जागा वेगळ्या असल्यामुळे ही दोन्ही औषधे एकत्र देता येतात. चिकटण्याच्या ताकदीचा आकडा कितीही चांगला असला तरी त्यातून हे कळत नाही.

आता उंदीर टाळूनही सुरुवात करता येते. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या, म्हणजे फाजच्या, अंगावर परके प्रथिन उगवून दाखवले. ग्रेगरी विंटर यांनी ती युक्ती मानवी प्रतिपिंडांसाठी वापरली. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा आहे. अब्जावधी फाजमधून चिकटणारे तेवढे गाळून घेता येतात. पाखडणे मात्र पुढे तसेच करावे लागते.

आठवी आवृत्ती

उंदराचे प्रतिपिंड माणसाला दिले तर माणसाचे शरीर त्यालाच परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. १९८६ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या मॅबच्या बाबतीत हेच झाले. ते मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात वापरत, आणि पुन्हा देताना त्याचा गुण कमी होई. शिवाय उंदराचा दांडा मानवी संरक्षक पेशींना नीट बोलावू शकत नाही. उपाय असा, की उंदराच्या प्रतिपिंडातली फक्त ती चिकटणारी वळणे उचलायची आणि मानवी प्रतिपिंडाच्या चौकटीत बसवायची. केंब्रिजला विंटर यांच्या गटाने १९८६ मध्ये ही वाट दाखवली होती.

कागदावर हे कलम बांधण्याइतके सोपे दिसते. हर-टूविरुद्धच्या उंदराच्या प्रतिपिंडाचे नाव ४डी५. जेनेन्टेक कंपनीतल्या पॉल कार्टर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी काय केले ते तपशीलवार दिले आहे. पहिल्या आवृत्तीत त्यांनी नुसती वळणे उचलून मानवी चौकटीत ठेवली. ती आवृत्ती हर-टूला चिकटली. पण कर्करोगी पेशींची वाढ काही तिने थांबवली नाही.

हा प्रसंग मला या सगळ्या विषयाचे सार वाटतो. एलायझापाशी थांबलेल्या कोणालाही ती पहिली आवृत्ती यशस्वी वाटली असती. त्यांनी पेशींची वाढ मोजली म्हणून उणीव कळली. वळणे आधाराशिवाय योग्य कोनात उभी राहत नव्हती. खालच्या चौकटीतली काही अमिनो आम्लेही उंदराची ठेवावी लागणार होती. कोणती, हे त्यांनी संगणकावर रेणूची आकृती मांडून ठरवले, आणि बदल करत करत वेगवेगळ्या आवृत्त्या बनवल्या. आठव्या क्रमांकाची आवृत्ती पहिलीपेक्षा २५० पट घट्ट चिकटली, मूळ उंदराच्या प्रतिपिंडापेक्षाही तिप्पट घट्ट, आणि तिने पेशींची वाढ रोखली. मानवी दांड्यामुळे संरक्षक पेशींना बोलावण्यातही ती उंदराच्या प्रतिपिंडापेक्षा सरस ठरली. तीच आठवी आवृत्ती म्हणजे ट्रास्टुझुमॅब.

सप्टेंबर १९९८ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. आजार पसरलेल्या ४६९ स्त्रियांच्या चाचणीत नुसत्या केमोथेरपीवर असलेल्यांचे मध्यम आयुर्मान २०.३ महिने होते, जोडीला ट्रास्टुझुमॅब मिळालेल्यांचे २५.१ महिने. ही चाचणी फक्त हर-टू वाढलेल्या स्त्रियांवर केली होती. स्तनाच्या कर्करोगात अशा स्त्रिया सुमारे १५ ते २० टक्के असतात. सरसकट सगळ्यांवर केली असती, तर हा फरक गर्दीत बुडून गेला असता.

पेशी जगवणे

या कामातला ज्याला कोणी पुरस्कार देत नाही असा भाग म्हणजे पेशी जगवणे. इन्क्युबेटर ३७ अंशांवर, आत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दर दोन-तीन दिवसांनी पेशी फ्लास्कमधून काढून नव्या मीडियात घालायच्या. रविवार असो, लक्ष्मीपूजन असो, पेशींना सुट्टी कळत नाही. प्रयोगशाळेतले लोक आपसात पाळ्या लावून घेतात. मीडियात एक रंगद्रव्य असते. लालसर-गुलाबी रंग ठीक. फ्लास्क पिवळा आणि गढूळ दिसला की कंटॅमिनेशन झाले, टाकून द्यायचा. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू त्याहून वाईट, कारण मीडिया स्वच्छ दिसतो, सूक्ष्मदर्शकातही तो दिसत नाही आणि पेशींचे वागणे गुपचूप बदलत जाते. त्याची तपासणी ठरल्या दिवशी करायचीच. ती टाळणाऱ्या प्रयोगशाळेच्या निष्कर्षांवर मी विश्वास ठेवणार नाही.

या विद्येचा आपल्याकडचा इतिहास प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असावा. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम करून मुंबईला परतल्या. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी १९६० च्या दशकात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेची सुरुवात १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली. तिच्या पेशीभांडारातून आज देशभरच्या संशोधकांना पेशी मिळतात.

लंडन, मार्च २००६

प्रयोगशाळेत सगळे बरोबर करूनही काय निसटू शकते, ते टीजीएन-१४१२ या प्रतिपिंडाने शिकवले. रक्ताच्या एका कर्करोगासाठी आणि संधिवातासाठी ते तयार होत होते. संरक्षक टी पेशींवरच्या सीडी-२८ या प्रथिनाला ते चेतवायचे. माकडांना काही त्रास झाला नव्हता. माकडांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याने लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना ते दिले. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या टी पेशी एकदम पेटल्या होत्या. सगळे वाचले, पण इजा गंभीर होत्या.

नंतर कारण सापडले. माकडाच्या ज्या स्मृती-टी पेशींनी हे पेटणे दाखवले असते, त्यांच्यावर सीडी-२८ नसतेच. मानवी रक्तपेशींवर केलेल्या चाचणीतही धोका दिसला नव्हता, कारण प्रतिपिंड द्रवात नुसते मिसळले होते. तेच प्रतिपिंड प्लेटच्या तळाला वाळवून चिकटवले आणि वर मानवी पेशी घातल्या, तेव्हा त्या पेटलेल्या दिसल्या. एवढ्याशा फरकाने सहा माणसे मृत्यूच्या दारात गेली. त्यानंतर पहिल्या मात्रेचा हिशेब बदलला: माकडाला किती सोसते यापेक्षा मानवी पेशीवर किमान किती प्रमाणात परिणाम दिसतो, ते आधी पाहतात. आणि पहिल्यांदा माणसांना देताना सगळ्यांना एकाच वेळी देत नाहीत.

मोठ्या टाकीत

उमेदवार ठरला की त्याचे जनुक चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींच्या वंशात घालतात. हजारो लिटरच्या टाकीत या पेशी वाढतात आणि प्रतिपिंड बाहेर सोडतात. किती लागते पाहा: ६० किलो वजनाच्या स्त्रीला ट्रास्टुझुमॅबची पहिली मात्रा ४८० मिलिग्रॅम, मग दर तीन आठवड्यांनी ३६०. वर्षभराच्या १८ मात्रांचे ६.६ ग्रॅम होतात. लस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. इथे एका माणसाला चमचाभर शुद्ध प्रथिन लागते. किंमत वाढते त्यामागे हे एक कारण आहे.

कोणत्या पेशीत बनवले यालाही महत्त्व असते. सेटुक्सिमॅब उंदराच्या पेशींत बनते, आणि त्या पेशी प्रतिपिंडावर एक अशी शर्करा चिकटवतात जी माणसात नसते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या रुग्णांना पहिल्याच मात्रेला तीव्र ॲलर्जी येई. २००८ मध्ये कळले की त्यांच्या रक्तात या शर्करेविरुद्ध ॲलर्जीची प्रतिपिंडे आधीपासूनच होती. पुढे त्याचे मूळ गोचिडीच्या चाव्यात सापडले.

आपल्याकडे

भारतात रितुक्सिमॅबची समतुल्य आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये आणली, ट्रास्टुझुमॅबची बंगळुरूच्या बायोकॉनने २०१४ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडली. त्यात रुग्णाच्याच टी पेशींवर प्रतिपिंडाचा ओळखणारा तुकडा बसवतात, आणि तो तुकडाही उंदराच्या प्रतिपिंडावरून मानवी करून घेतलेला आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र टाटा मेमोरियलचेच दुसरे काम. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. तिथल्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने, १५१ रुग्णांच्या चाचणीत तपासले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते. हे औषध मिळालेल्यांत ४३.४ टक्के. कमीत कमी किती पुरते, हा प्रश्न आपल्यासारख्या देशानेच विचारायला हवा होता, आणि तो विचारला गेला याचा मला अभिमान आहे.

अहवालातला आकडा

घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर पॅथॉलॉजीच्या अहवालात हर-टूपुढे काय लिहिले आहे ते पाहा. शून्य, १+, २+ किंवा ३+ असा आकडा असतो. ३+ म्हणजे हर-टू भरपूर. २+ असेल तर फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. पूर्वी १+ असलेल्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणून सोडून देत. पण ट्रास्टुझुमॅबला केमोथेरपीचे रेणू जोडून केलेले ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन हे औषध हर-टू थोडाच असलेल्या पसरलेल्या आजारातही उपयोगी पडते, हे २०२२ मध्ये सिद्ध झाले आहे. म्हणून नुसत्या ‘निगेटिव्ह’ शब्दावर थांबू नका. डॉक्टरांना आकडा विचारा, तो लिहून घ्या, आणि रुग्णालयाने दिलेला गाठीचा ब्लॉक व स्लाइड टाकून देऊ नका. पुढे नवी तपासणी करायची वेळ आली तर तीच लागतात.